व्यसनप्रतिबंध : शाळा आणि गाव यांचे सामाईक कार्य

आरोग्यशिक्षणाच्या तासाला तंबाखूचे दुष्परिणाम शिकविले, मुलांकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतली आणि फलकावर एक सुविचार लिहिला, म्हणजे व्यसनप्रतिबंधाचे कार्य पार पडले, असा समज अनेक शाळांतून दृढ झालेला दिसतो. हा समज सद्भावनेतून आलेला असला, तरी तो अपुरा आहे. ‘तंबाखू हे विष आहे’ हे वाक्य वहीत बिनचूक लिहिणारा मुलगा शाळा सुटल्यावर घरी जातो आणि आजोबांनी हातावर ठेवलेले पैसे घेऊन त्यांच्यासाठी पुडी आणावयास धावतो. त्याचे ज्ञान खोटे नसते आणि त्याचे आज्ञापालनही खोटे नसते. दोन्ही गोष्टी त्याला मोठ्या माणसांनीच शिकविलेल्या असतात. या दोहोंतील विरोध मात्र त्या दहा वर्षांच्या मुलाने एकट्याने सोडवावा, अशी अपेक्षा केली जाते.

‘नाही’ म्हणण्याचे हे ओझे मुलावर न टाकता गावातील मोठ्या माणसांनी आपापसांत कसे वाटून घ्यावे आणि त्या कामी शिक्षकाने आरंभ कोठून करावा, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रश्नाचे स्वरूप

२०१६-१७ साली झालेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपाने तंबाखूचे सेवन करीत होते. त्यांत विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के, तर तंबाखू तोंडात धरणारे वा दातांना लावणारे २४.४ टक्के होते. (काही जण दोन्ही प्रकार करीत असल्यामुळे या दोन आकड्यांची बेरीज अधिक येते.) या आकड्यांचा अर्थ शिक्षकाने नीट ध्यानात घ्यावा. आपल्या राज्यातील व्यसनाला बहुधा धूर नाही. ते मशेरी, खर्रा, मावा, गुटखा आणि चुना लावलेली तंबाखू या रूपांनी घरात, ओसरीवर, शेताच्या बांधावर सर्वांच्या देखत चालते. चुलीवर भाजलेली मशेरी आई दातांना लावते, तेव्हा शेजारी उभे असलेले मूलही त्याच डबीत बोट घालते. ते व्यसन आहे, असे तेथे कोणालाच वाटत नाही.

२०१९ साली १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांचे देशव्यापी सर्वेक्षण झाले. त्यात ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी सुमारे ५२ टक्के मुलांनी तिचा आरंभ वयाची दहा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच केला होता. म्हणजे हा आरंभ माध्यमिक शाळेच्या वयात होत नसून बहुतांशी तिसरी-चौथीच्या वयात होतो. यास्तव हे कार्य प्राथमिक शिक्षकाचेच आहे. ते पुढील शाळेवर सोपविल्यास उशीर झालेला असतो.

तंबाखूबरोबर अन्य पदार्थांचाही विचार करावा लागतो. २०१९ सालच्या राष्ट्रीय अहवालात एक गोष्ट विशेष नोंदली गेली आहे. हुंगण्याचे पदार्थ, म्हणजे पंक्चर काढण्याचे सोल्यूशन, शाई खोडण्याचा पांढरा द्रव इत्यादी, यांचे सेवन प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुलांत व किशोरांत १.१७ टक्के आढळले. हे पदार्थ सायकलच्या दुकानात आणि प्रत्यक्ष दप्तरातही असतात, म्हणून त्यांच्याविषयी शिक्षकाने जागरूक असावे. तथापि खेड्यातील मुलाच्या हाती प्रथम येते ती बहुधा तंबाखूच. पहिले दार तेच असल्यामुळे या लेखात तिचाच विचार प्रामुख्याने केला आहे.

मूल ‘नाही’ का म्हणू शकत नाही?

निकोटीन हा पदार्थ मेंदूवर सत्वर परिणाम करतो आणि त्याची सवय जडते. मेंदूची वाढ विशीनंतरही काही वर्षे चालू असते. त्यामुळे कोवळ्या वयात जडलेली सवय अधिक पक्की होते. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो. सुपारीने गालांची आतील त्वचा ताठर होत जाते आणि पुढे तोंड पुरते उघडेनासे होते. ही माहिती मुलांना अवश्य द्यावी. परंतु केवळ भीती घालून मूल व्यसनापासून दूर राहील, असे मानू नये. कर्करोग ही मुलाला फार दूरची गोष्ट वाटते. त्याच्या रोजच्या पाहण्यातले काका तंबाखू खाऊनही नांगर धरीत असतात. डोळ्यांपुढील उदाहरण आणि पुस्तकातील वाक्य यांत मूल उदाहरणावर अधिक विश्वास ठेवते.

शिवाय मुलाला ज्यांच्यापुढे नकार द्यावयाचा असतो, ती माणसे त्याच्याहून मोठी असतात. आजोबा पुडी आणावयास सांगतात, मोठ्या वर्गातील मुले मैदानाच्या कोपऱ्यात सुपारी पुढे करतात, ऊसतोडीच्या फडावर वा लग्नाच्या मांडवात एखादा पाहुणा थट्टेने विडी हातात देतो. अशा प्रसंगी ‘नाही’ म्हणणे हे उद्धटपणाचे लक्षण ठरते. ज्या संस्कारांचा शाळेला अभिमान वाटतो, तेच संस्कार येथे मुलाचे हात बांधतात.

यावर उपाय एकच. नकार मुलाच्या तोंडून न येता गावाच्या नियमातून आला पाहिजे. पुढील दोन संवादांची तुलना करावी.

“बाळ, एवढी पुडी आण रे दुकानातून.”
“नाही आजोबा, तंबाखू वाईट असते. मी नाही आणणार.”

हे उत्तर पाठ्यपुस्तकात शोभते. घरात मात्र त्याने आजोबा दुखावतात आणि मुलाला बोलणी बसतात. आता दुसरा संवाद पाहावा.

“बाळ, एवढी पुडी आण रे दुकानातून.”
“आजोबा, दुकानदार काका लहान मुलांना देतच नाहीत आता. ग्रामसभेत ठरलंय तसं.”

येथे मुलाने आज्ञा मोडलेली नाही आणि आजोबांचा मानही राखला गेला आहे. नकार दुकानदाराने दिला, दुकानदाराच्या पाठीशी ग्रामसभा उभी राहिली आणि मूल मोकळे झाले. गावाच्या सहकार्याचे मर्म ते हेच होय.

कायद्याचा आधार

ग्रामसभेपुढे विषय मांडताना शिक्षकाच्या हाती पुढील गोष्टी असाव्यात.

१) २००३ सालच्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ६ अन्वये १८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास, तसेच कोणत्याही शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत ते विकण्यास मनाई आहे. याबद्दल २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मूल ती पुडी स्वतःसाठी घेते की आजोबांसाठी, याने येथे फरक पडत नाही.

२) २०१५ सालच्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ अन्वये मुलाला मद्य, अंमली पदार्थ वा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा सांगितली आहे.

३) महाराष्ट्र शासनाने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली आणि पुढे ती वेळोवेळी वाढविली. चोरटी विक्री आढळल्यास ती अन्न व औषध प्रशासनाच्या वा पोलिसांच्या कक्षेतील बाब आहे. शिक्षकाने स्वतः झडती वा जप्ती करू नये.

४) तंबाखूमुक्त शिक्षणसंस्थेसाठी केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाने २०१९ साली मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत नऊ निकष आहेत. प्रवेशद्वारी व आवारात फलक, तंबाखू-निरीक्षकाची नेमणूक, सहा महिन्यांतून निदान एक उपक्रम, १०० यार्डांची सीमा आखणे आणि त्या सीमेच्या आत विक्री नसणे, हे त्यांतील प्रमुख होत.

कायदा हा काठीसारखा उगारण्याकरिता नसून आधारासारखा वापरण्याकरिता आहे. दुकानदाराला प्रथम नोटीस न दाखविता प्रथम त्याच्याशी बोलावे. तोही बहुधा एखाद्या विद्यार्थ्याचा पालक असतो.

कोणी कोणता वाटा उचलावा?

ग्रामसभा : लहान मुलांना तंबाखू वा दारू आणावयास कोणी पाठवू नये आणि कोणी विकू नये, असा ठराव करावा. ठराव दोन ओळींचाच असावा, म्हणजे तो सर्वांच्या ध्यानी राहील. शाळेभोवतीची सीमारेषा ग्रामपंचायतीने रंगवून द्यावी.

शाळा व्यवस्थापन समिती : २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. ठराव ग्रामसभेत मांडण्याचा मान या समितीतील मातेकडे द्यावा. शिक्षकाने मांडलेला ठराव सरकारी वाटतो. आईने मांडलेला ठराव गावाचा होतो.

दुकानदार : सीमेच्या आतील विक्री बंद करावी आणि सीमेबाहेरही लहान मुलाच्या हाती पुडी देऊ नये. त्याचा धंदा अल्प असेल, तर वह्या, पेन्सिली, शेंगदाणा चिक्की असा माल ठेवण्यास शाळेने उत्तेजन द्यावे.

आशा, अंगणवाडी सेविका व आरोग्य उपकेंद्र : मशेरीचा विषय घराघरांत शिक्षकाला काढता येत नाही; या भगिनींना तो काढता येतो. गर्भवती स्त्रीने तंबाखू सोडल्यास बाळाच्या वजनावर चांगला परिणाम होतो, ही गोष्ट त्या समजावून देऊ शकतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल, तेव्हा मुलांची तोंडे तपासण्याची विनंती मुख्याध्यापकांनी आवर्जून करावी.

बचत गट : घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या स्त्रिया व्यसनाचा खर्च सर्वांच्या आधी ओळखतात. दारूच्या दुकानाविरुद्ध मतदानाने निर्णय घेण्याची तरतूद राज्यात २००८ च्या आदेशाने झाली आहे. तिचा उपयोग अशाच संघटित स्त्रियांनी केला आहे.

तरुण मंडळ : सायंकाळी पाच ते आठ ही वेळ मोठी धोक्याची असते. कबड्डी, खो-खो, लेझीम वा वाचनालय यांनी ती वेळ भरून काढावी. ज्या मुलाला संध्याकाळी मैदानावर कोणी वाट पाहणारे आहे, ते मूल पानटपरीवर रेंगाळत नाही.

भजनी मंडळ व कीर्तनकार : श्रोत्यांना साधे प्रश्न विचारीत व्यसनांवर प्रहार करणारे संत गाडगेबाबा १९५६ साली निवर्तले, परंतु त्यांची ती रीत गावाच्या अंगवळणी पडलेली आहे. सप्ताहातील एक कीर्तन या विषयास द्यावे.

अन्यत्र आलेला अनुभव

हे सारे केवळ कल्पनेतील नाही. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या आंदोलनानंतर १९९३ साली दारूबंदी लागू झाली. पुढे २०१६ पासून राज्य शासन, ‘सर्च’ ही संस्था आणि टाटा ट्रस्ट्स यांनी मिळून तेथे ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखू नियंत्रणाचे कार्य आरंभिले. केवळ बंदीचा हुकूम पुरेसा होत नाही, हे ओळखून गावोगावच्या संघटना, शाळांतील शिक्षण, शासनाची अंमलबजावणी आणि व्यसनी माणसावर उपचार अशी चारही अंगे तेथे एकत्र आणण्यात आली.

युरोपातील आइसलँड या लहान देशाचाही दाखला उद्बोधक आहे. तेथे १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले गेल्या महिन्यात मद्याच्या नशेत होती आणि २३ टक्के रोज सिगारेट ओढीत. २०१६ साली ही प्रमाणे अनुक्रमे ५ व ३ टक्क्यांवर आली. तेथे भर व्याख्यानांवर नव्हता. मुलांची नियमित पाहणी झाली, पालकांनी एकमेकांशी करार केले, रात्री मुलांनी बाहेर फिरण्यावर मर्यादा आली आणि खेळ-संगीतासाठी साहाय्य मिळाले. तो देश श्रीमंत व अल्प वस्तीचा असल्यामुळे त्याचे जसेच्या तसे अनुकरण होणार नाही. तथापि मुलाला एकट्याने झुंजावयास न लावता त्याच्याभोवतीची मोठी माणसे बदलावीत, हे तत्त्व खेड्यासही लागू पडते.

पाठाचे टिपण

इयत्ता : सहावी. विषय : गणित व परिसर अभ्यास. तासिका : दोन.

हेतू : शाळेभोवतीची कायदेशीर सीमा विद्यार्थ्यांनी स्वतः मोजावी आणि तिचा अर्थ समजून घ्यावा.

साहित्य : १० मीटर लांबीची दोरी, मोजपट्टी, चुना, खुंट्या, गावाचा साधा नकाशा.

प्रस्तावना : “एक यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर. तर १०० यार्ड म्हणजे किती मीटर?” (९१.४४ मीटर.) “१० मीटरची दोरी किती वेळा टाकावी लागेल?” (नऊ वेळा, शिवाय १ मीटर ४४ सेंटिमीटर.)

विषयविवेचन : हे अंतर शाळेच्या इमारतीपासून न मोजता आवाराच्या कुंपणाच्या बाहेरील कडेपासून सर्व दिशांना सरळ रेषेत मोजावयाचे असते. वर्गाचे चार गट करून चार दिशांना पाठवावे. प्रत्येक गटाबरोबर एक मोठी व्यक्ती असावी. वाट वळत असेल, तर एक सुंदर प्रश्न निर्माण होतो : वाटेने १०० मीटर चालून गेल्यावर लागणारी जागा सीमेच्या आत असेल की बाहेर? वळणाच्या वाटेची लांबी सरळ अंतरापेक्षा नेहमी अधिक असते, म्हणून ती जागा आतही असू शकेल. हे मुलांनी नकाशावर प्रमाण घेऊन पडताळून पाहावे.

उपयोजन : (अ) नकाशावर सीमेचे वर्तुळसदृश क्षेत्र रंगवावे. (आ) रोज १० रुपयांची पुडी घेतल्यास वर्षाचा खर्च किती? (३,६५० रुपये.) तेवढ्या पैशांत शाळेच्या कोणत्या वस्तू येतील, याची यादी करावी. (इ) तयार नकाशा ग्रामसभेत मुलांनी मांडावा. तेथे त्यांनी मापन सांगावे. उपदेश करू नये. उपदेशाचे काम मोठ्यांचे आहे.

सावधगिरी

मुलांना हेर करू नये. “तुमच्या घरी कोण कोण तंबाखू खातो, हात वर करा,” असा प्रश्न वर्गात विचारणे सर्वथा गैर आहे. त्याने मूल लज्जित होते, पालक शाळेपासून दुरावतात आणि पुढील सहकार्याचा मार्ग खुंटतो. नकाशात दुकानदारांची नावे घालू नयेत, कारण त्यांची मुलेही त्याच बाकावर बसलेली असतात.

शिक्षकाने स्वतःकडेही पाहावे. मधल्या सुटीत खोलीमागे जाऊन तंबाखू मळणारा शिक्षक मुलांच्या दृष्टीतून सुटत नाही. सवय एका दिवसात सुटत नसेल, तर उपचाराची मदत घेण्यात कमीपणा नाही. शाळेच्या आवारात मात्र ती पूर्णतः थांबलीच पाहिजे. मोठ्या माणसाला सोडताना किती कष्ट पडतात, हे प्रांजळपणे सांगणारा शिक्षक मुलांना कोणत्याही भित्तिचित्रापेक्षा अधिक शिकवून जातो.

मुलाजवळ पुडी आढळल्यास

समजा, पाचवीतील एका मुलाच्या दप्तरात सुपारी वा तंबाखू सापडली. वर्गापुढे त्याला उभे करणे, छडी मारणे, वा नाव काढून टाकण्याची धमकी देणे यांपैकी काहीही करू नये. शाळेतून दूर गेलेले मूल व्यसनाच्या अधिक जवळ जाते. त्याला एकांतात घेऊन ती पुडी कोठून आली, किती दिवसांपासून घेतो व कोणाबरोबर घेतो, हे शांतपणे विचारावे. त्यानंतर पालकांची भेट त्यांच्या घरी जाऊन घ्यावी. आरंभ तक्रारीने न करता मुलाच्या एखाद्या गुणाने करावा. तोंडात पांढरा डाग, जळजळ, वा तोंड कमी उघडणे आढळल्यास आशाताईंच्या मार्फत आरोग्य केंद्रात पाठवावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि अन्य नशेच्या पदार्थांसाठी १४४४६ या विनाशुल्क दूरध्वनी-सेवा उपलब्ध आहेत. हे क्रमांक शाळेच्या दर्शनी भागी लिहून ठेवावेत. पुढील तीन महिने त्या मुलाला पाणी, घंटा वा वाचनपेटी यांसारखी एखादी जबाबदारी द्यावी. आपण शाळेला हवे आहोत, ही जाणीव मुलाला फार मोठा आधार देते.

वर्षाची आखणी

जागतिक तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी येतो आणि तेव्हा शाळांना सुटी असते. म्हणून आरंभ २६ जून या अंमली पदार्थविरोधी दिनाच्या सुमारास करावा. जुलैत सीमा-मापनाचा पाठ घ्यावा, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत नकाशा व ठराव मांडावा, २ ऑक्टोबरला ठरावाचा आढावा घ्यावा, जानेवारीतील हळदीकुंकवाच्या मेळाव्यात मशेरीचा विषय आशाताईंनी मांडावा आणि होळीत पुड्यांची होळी करावी. प्रत्येक टप्प्यावर काम एकाच माणसावर पडणार नाही, असे पाहावे.

केलेल्या कार्याची टिपणे केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडावीत. त्या टिपणांत किती मुलांनी प्रतिज्ञा घेतली, हा आकडा महत्त्वाचा मानू नये. सायंकाळी दुकानावर पुडी मागावयास किती लहान मुले येतात, हे दुकानदाराला महिन्यातून एकदा विचारावे आणि तो आकडा लिहावा. तो कमी होत गेला, तर गावातील मोठी माणसे आपली पुडी आणावयास स्वतः जाऊ लागली, असे समजावे. वर्गातील पाठाला त्या दिवसापासून खरा अर्थ येईल.